आजाराचे माप आणि माणसाचे मोल

जुम्याची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडत होते. एक गृहस्थ मात्र शेवटच्या सफमध्ये बसून राहिले. जालन्याच्या मोंढ्यात ते मापाडी आहेत. सोयाबीन असो, तूर असो वा ज्वारी, पोते काट्यावर चढले की आकडा त्यांनी सांगायचा आणि शेतकरी व आडत्या दोघांनीही तो निमूटपणे मान्य करायचा, असा त्यांचा अनेक वर्षांचा लौकिक आहे. गर्दी ओसरल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीचा तो दवाखान्यातील कागद होता.

"मौलाना," ते म्हणाले, "गेल्या वर्षी माझी बेटी चार होती. या कागदावर आता तीन लिहिली आहे. खरे सांगायचे तर ती दोन आहे."

मला काहीच उमगले नाही. तेव्हा त्यांनी सावकाश सांगितले. तिसऱ्या वर्षी मुलीला पहिली आकडी आली. चौथ्या वर्षी ती चालता चालता पडू लागली. जालना, मग औरंगाबाद, मग मुंबई अशा फेऱ्या झाल्या आणि रक्ताच्या तपासणीतून आजाराचे नाव कळले. आता दर काही महिन्यांनी डॉक्टर तिच्या चालण्याला व बोलण्याला गुण देतात. मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले, मुलगी दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलते का? वडील 'हो' म्हणाले. वास्तविक दोन महिन्यांपासून तिच्या तोंडून 'अब्बा' हा शब्दही निघालेला नाही. 'नक्को' आणि पाण्यासाठीचा एक हुंकार, एवढेच उरले आहे, आणि तेही फक्त तिच्या अम्मीला कळते. आकडी महिन्यातून चार-पाच वेळा येते. त्यांनी सांगितले, एकदा.

"काट्यावर मी कधी छटाकभर इकडेतिकडे केले नाही. पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र खोटे बोललो. हे पाप आहे का? आणि अल्लाहने दिलेल्या लेकराला असे आकड्यांत मोजणे तरी बरोबर आहे का?"

मी त्या वेळी एवढेच म्हणालो, सब्र करा, अल्लाह बेहतर करील. ते कागदाची घडी घालून निघून गेले. घरी परतल्यावर मला माझ्याच उत्तराची लाज वाटली. ज्याने दोन नेमके प्रश्न विचारले, त्याला मी दोन गुळगुळीत वाक्ये देऊन वाटेला लावले होते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नांना दिलेले माझे उशिराचे उत्तर आहे. त्यांच्या संमतीनेच, पण त्यांची ओळख न देता, ते इथे मांडत आहे.

आजार आणि त्याची मोजपट्टी

या मुलीला झालेला आजार 'बॅटन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांच्या कुळातील आहे. फ्रेडरिक बॅटन या इंग्रज डॉक्टरांनी १९०३ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. या कुळात डझनभर प्रकार आहेत. तिचा प्रकार सीएलएन-२ हा आहे. आपल्या पेशींमध्ये टाकाऊ द्रव्याची विल्हेवाट लावणारी एक व्यवस्था असते. त्या व्यवस्थेतील टीपीपी-१ नावाचे एन्झाइम या मुलांच्या शरीरात तयार होत नाही किंवा अगदी अपुरे होते. घरातील केर रोज बाहेर न टाकता कोपऱ्यात साठत जावा, तसे ते द्रव्य मेंदूच्या पेशींत साठते आणि पेशी मरू लागतात. मूल दोन-तीन वर्षांपर्यंत इतरांसारखेच वाढते. मग आकडी येते, बोलणे मंदावते, पाय डगमगतात, पुढे दृष्टीही जाते. उपचार न मिळालेली बहुतेक मुले वयाच्या आठ ते बारा वर्षांच्या आसपास हे जग सोडून जातात.

या ऱ्हासाचा वेग समजावा म्हणून जर्मन डॉक्टरांनी एक मोजपट्टी तयार केली. २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात चार गोष्टी पाहतात: चालणे, बोलणे, दृष्टी आणि आकडी. प्रत्येकीला तीनपासून शून्यापर्यंत गुण दिले जातात. चालण्याचे उदाहरण घ्या. मूल नीट चालत असेल तर तीन, अडखळत पण स्वतः चालत असेल तर दोन, आधाराशिवाय चालता येत नसेल किंवा केवळ रांगत असेल तर एक, आणि हालचाल थांबली असेल तर शून्य. बोलण्याचेही तसेच: वयाला साजेसे बोलणे तीन, बिघडलेले पण कळणारे दोन, जेमतेम कळणारे एक, काहीच न कळणारे शून्य. दृष्टीत पाहतात की मूल आवडती वस्तू ओळखून ती घ्यायला हात पुढे करते की नुसता उजेड जाणवतो. आकडीत मागील तीन महिन्यांची गणना होते. औषधांच्या अभ्यासात प्रामुख्याने चालणे आणि बोलणे या दोहोंची बेरीज धरतात, म्हणजे सहापैकी गुण. मापाडीभाईंच्या कागदावरचे 'तीन' हे त्या सहापैकी होते.

ही पट्टी साधी आहे आणि साधी असणे हेच तिचे बळ आहे. जालन्याचा डॉक्टर आणि हॅम्बुर्गचा डॉक्टर एकाच मुलाला पाहून बहुधा एकच गुण देतील. मोंढ्यातील प्रमाणित काट्याकडूनही आपली हीच अपेक्षा असते.

मोजणे तवक्कुलच्या विरुद्ध आहे काय?

आता पहिला प्रश्न. अल्लाहची देणगी असलेल्या मुलाला आकड्यांत मोजणे ईमानाला शोभते का?

पवित्र कुरआनाच्या सूरह कमरमध्ये अल्लाहने सांगितले आहे की त्याने प्रत्येक वस्तू एका प्रमाणानुसार निर्माण केली. सूरह रहमानमध्ये आकाश उंच उभारल्याच्या उल्लेखालगतच तराजू ठेवल्याचा उल्लेख येतो आणि तोल न बिघडविण्याची ताकीद दिलेली आहे. नमाजच्या वेळा, जकातीचा निसाब, रोजाची सुरुवात आणि शेवट, वारसाहक्काचे हिस्से या सगळ्यांत माप आहे. ज्या धर्मात इतके माप आहे त्या धर्मात आजाराचे माप तेवढे निषिद्ध कसे ठरेल?

आजाराच्या तीव्रतेविषयी तर प्रत्यक्ष प्रेषित मुहम्मद (स.) यांचे उदाहरण आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) त्यांच्या भेटीस गेले असता त्यांना जोराचा ताप होता. इब्ने मसऊद (रजि.) यांनी हात लावून पाहिले आणि ताप फार तीव्र असल्याचे म्हटले. प्रेषितांनी (स.) ते नाकारले नाही. तुमच्यातील दोन माणसांना मिळून जेवढा ताप यावा तेवढा मला येतो, असे त्यांनी सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. या प्रसंगाकडे मी अनेकदा केवळ आजारपणाच्या सवाबाचा पुरावा म्हणून पाहत आलो. पण त्यात आणखी एक शिकवण आहे. आपल्या त्रासाचे प्रमाण खरे खरे सांगणे ही तक्रार नव्हे आणि त्याने सब्रही मोडत नाही. सर्वांत अधिक सब्र करणाऱ्याने आपल्या आजाराचे माप सांगितले आहे.

आपल्या फिक्हमध्येही एक मोजपट्टी आहे, आणि ती आपण लहानपणापासून शिकतो. ह. इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की नमाज उभे राहून अदा करावी, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून. फुकहांनी पुढच्या पायऱ्याही स्पष्ट केल्या. रुकू-सजदा जमत नसेल तर डोक्याने इशारा करावा आणि सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक खाली असावा. हनफी फिक्हनुसार डोक्याचा इशाराही शक्य नसेल तर नमाज त्या वेळेपुरती त्याच्यावरून टळते. उभे राहणे, बसणे, पडून राहणे, इशारा! डॉक्टरांच्या तीन, दोन, एक, शून्य या पायऱ्यांशी याचे किती साम्य आहे!

पण ही पायरी कशासाठी पाहायची? शरीअत ती पाहते ती त्या माणसावरचे ओझे किती कमी करायचे हे ठरविण्यासाठी. बसून नमाज पढणाऱ्याचा मान उभ्याने पढणाऱ्यापेक्षा कमी आहे, असे नाइलाज असलेल्या रुग्णाविषयी कोणीही म्हटलेले नाही. त्याची शक्ती घटली तशी त्याच्याकडून असलेली अपेक्षा घटली आणि इतरांची त्याच्याप्रती असलेली जबाबदारी वाढली. रुग्णाला मोजण्याचा इस्लामी हेतू हाच आहे, आणि माझ्या मते कोणत्याही मोजपट्टीची नैतिक कसोटीही हीच आहे. मोजल्याने रुग्णाचे ओझे हलके होत असेल तर मोजणे रहमत आहे. मोजल्याने तो कमी किमतीचा ठरत असेल तर ते जुलूम आहे.

अरबीतील 'क-द-र' या धातूपासून आलेले शब्द आपल्या बोलण्यात सहज मिसळलेले आहेत. तकदीर, कुदरत आणि उर्दूतील मिकदार म्हणजे परिमाण हे त्यातलेच. मराठीत आपण एखाद्याची 'कदर' करतो, तो शब्दही तिथूनच आलेला. एकाच मुळातून प्रमाणही निघाले आणि सन्मानही. माणसाच्या हाती मिकदार मोजण्याची साधने दिली गेली आणि सोबत कदर करण्याचे कर्तव्यही. पहिले करताना दुसरे विसरले की काटा बिघडला असे समजावे.

प्रेमापोटी दिलेले खोटे माप

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. बापाने आशेपोटी आकडा वाढवून सांगितला, हे पाप आहे काय?

सूरह मुतफ्फिफीन आपण सर्वांनी ऐकलेली आहे. स्वतः घेताना पुरेपूर माप घेणारे आणि दुसऱ्यांना देताना कमी देणारे यांच्या विनाशाची बातमी तीत आहे. ह. शुऐब (अलै.) यांच्या मदयनवासीयांचा मोठा गुन्हाही मापातील खोट हाच होता. आपण हे सर्व दुकानदारीशी जोडतो. पण माप केवळ धान्याचे नसते. साक्ष हेही माप आहे. सूरह निसामध्ये ईमानधारकांना आदेश आहे की न्यायावर ठाम उभे राहून अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. आजारी मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना साक्षीलाच बोलावलेले असते. डॉक्टर मुलाला अर्धा तास पाहतो. उरलेला सगळा काळ फक्त आईवडिलांनी पाहिलेला असतो.

ही साक्ष दोन बाजूंनी बिघडते. एक बाजू मापाडीभाईंची. मूल आहे त्यापेक्षा बरे सांगायचे, कारण आकडा घटलेला ऐकण्याचे बळ नसते. दुसरी बाजू लोभाची. शासकीय लाभासाठी किरकोळ अडचण भारी करून सांगायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आणि ४० टक्क्यांपासून पुढे अनेक सवलती लागू होतात. त्या टक्क्यासाठी खोटे बोलणारे आपल्या आसपास आहेत, हे आपण जाणतो. जो टक्का वाढवून घेतो, तो ज्याचा खरोखर हक्क आहे अशा मुलाची जागा अडवतो. इथे हराम उघड आहे, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

मापाडीभाईंचे खोटे मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्यात कोणाचा माल लुबाडण्याचा हेतू नव्हता. माझा कल असा की अल्लाह, जो दिलाचा हाल जाणतो, अशा बापाच्या अश्रूंची दखल घेईल. प्रेषितांच्या (स.) मुलीचे मूल अखेरच्या घटका मोजत त्यांच्या हाती दिले गेले तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले होते, आणि हे काय, असे ह. सअद (रजि.) यांनी विचारता, ही अल्लाहने आपल्या दासांच्या हृदयात ठेवलेली दया आहे, असे त्यांनी सांगितले होते. म्हणून आकडा ऐकून रडण्यात काहीही गैर नाही. पण हेतू निर्मळ असला तरी परिणाम टळत नाही. महिन्यातून एकदाच आकडी येते असे कळल्यावर डॉक्टरांनी औषधाची मात्रा तीच ठेवली. उरलेल्या तीन-चार आकड्या मुलीने सोसल्या. बापाच्या खोट्याची किंमत मुलीने मोजली.

सब्र म्हणजे वास्तवाकडे पाठ फिरवणे नव्हे. ह. याकूब (अलै.) यांची दृष्टी पुत्रवियोगाच्या दुःखाने गेली. त्यांनी दुःख नाकारले नाही, ते अल्लाहसमोर मांडले. जे आहे ते आहे म्हणून स्वीकारायचे, त्यावर जे करता येईल ते करायचे आणि निकाल अल्लाहवर सोपवायचा, हा क्रम आहे. उंटाला आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही शिकवण आपण मिंबरावरून नेहमी सांगतो. आजाऱ्याच्या बाबतीत उंट बांधण्याची पहिली गाठ म्हणजे खरी माहिती.

बेचाळीस मुलांच्या नोंदी

खऱ्या आकड्याचे मोल किती असू शकते, याचे एक उदाहरण याच आजारात आहे.

सीएलएन-२ मध्ये कमी पडणारे एन्झाइम बाहेरून मेंदूत पोहोचविण्याचे औषध शोधले गेले. डोक्यात एक उपकरण बसवून दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम औषध मेंदूच्या पोकळीतील द्रवात सोडायचे, असा तो उपचार आहे. औषध उपयोगी आहे हे सिद्ध कसे करायचे? सामान्यतः अर्ध्या रुग्णांना औषध देतात आणि अर्ध्यांना औषधासारखे दिसणारे निरुपयोगी द्रव्य. पण दिवसागणिक ढासळणाऱ्या लेकराच्या डोक्याला छिद्र पाडून त्यात निरुपयोगी द्रव्य सोडायचे, हे कोणाच्या सदसद्विवेकाला पटेल?

मार्ग निघाला तो जुन्या नोंदींतून. औषध नव्हते त्या काळात हॅम्बुर्गसारख्या केंद्रांतील डॉक्टरांनी आजारी मुलांचे गुण वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. अशा ४२ मुलांच्या नोंदी तुलनेला घेतल्या गेल्या. उपचार न मिळालेल्या त्या मुलांचे चालण्या-बोलण्याचे गुण ४८ आठवड्यांत सरासरी २.१२ ने घटत होते. औषध मिळालेल्या २३ मुलांचे गुण तेवढ्याच काळात सरासरी ०.२७ ने घटले. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधीच एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तीन वर्षांवरील मुलांसाठी औषधाला परवानगी दिली होती. जुलै २०२४ मध्ये त्याहून लहान मुलांसाठीही ती मिळाली. औषध आजार मुळापासून बरा करीत नाही, दृष्टी वाचवीत नाही. चालणे-बोलणे जाण्याचा वेग मात्र ते पुष्कळ कमी करते.

त्या ४२ मुलांना स्वतःला या औषधाचा लाभ त्या नोंदींच्या काळात झाला नाही. त्यांचे आईबाप दर भेटीत घटणारा आकडा ऐकत राहिले आणि तरीही खरे सांगत राहिले. कोणी आशेपोटी एकाचे दोन केले असते तर ती तुलना तेवढी कच्ची झाली असती, आणि औषधाचा गुण सिद्ध व्हायला कदाचित आणखी वर्षे लागली असती. आपल्याकडे विहीर खोदणे, मदरसा बांधणे, झाड लावणे यांना आपण सदका-ए-जारिया म्हणतो, कारण त्यांचा लाभ देणाऱ्याच्या पश्चातही चालू राहतो. ज्याचा लाभ लोकांना होत राहतो ते ज्ञान मृत्यूनंतरही सोबत करते, ही शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्या मुलाच्या आजाराची खरी नोंद शुद्ध नियतीने देणारा मुस्लिम बाप या दारात उभा आहे, अशी मी अल्लाहकडे आशा बाळगतो.

यावर कोणी म्हणेल, हे सारे श्रीमंत देशांचे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परवानगी मिळाली तेव्हा अमेरिकेत या औषधाची जाहीर किंमत वर्षाला सुमारे सात लाख डॉलर होती. मापाडीभाईंना तो आकडा सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. जगात औषध असावे आणि बापाला ते केवळ दुरून दिसावे, हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. भारतात २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आले. त्यात निवडलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. यादीत बसणाऱ्या आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद पुढे केली गेली. कोणत्या मुलाला काय मिळू शकेल हे अशा केंद्रातच कळते. पण त्या दारातही पहिल्यांदा मागितली जाते ती नोंदच: कधी चालत होता, कधी थांबला, आकडी किती वेळा येते. ज्याची वही कोरी, त्याची बाजू मांडणे कठीण.

आणि औषध मिळणार नसेल तर मोजायचे कशाला? तरीही मोजायचे. गिळणे बिघडू लागले हे वेळीच लक्षात आले तर ठसका लागण्याआधी पातळ पदार्थ घट्टसर करता येतात. पाय कमजोर होत आहेत हे कळले तर पडण्याआधी आधाराची खुर्ची येते. आकड्या मोजल्या तर औषधाची मात्रा बदलता येते. शेवट टळत नसला तरी वाट सुसह्य होते, आणि वाट सुसह्य करणे हेही इलाजाचेच काम आहे.

शून्य म्हणजे काय?

आता मापाडीभाईंच्या मनात खोलवर असलेल्या भीतीविषयी. तीन, दोन, एक आणि मग शून्य. त्या दिवशी माझी मुलगी शून्य होईल का?

बंधूंनो, शून्य हा पट्टीचा शेवट आहे, मुलाचा नव्हे. मोजपट्टीचे शास्त्र जाणणारेही हे मान्य करतात. मूल तळाच्या पायरीवर पोहोचले की पट्टी पुढचे काही सांगू शकत नाही. तिच्या पायऱ्या संपतात. मूल त्यानंतरही वर्षे जगते. त्याला आईच्या कुशीची ऊब कळते, दुखणे कळते. पोती तोलण्याच्या काट्यावर सोन्याचा मणी ठेवला तर काटा हलणार नाही. त्यावरून मण्याला वजन नाही असे मापाडी म्हणेल काय? तो म्हणेल, हा काटा या कामाचा नाही.

म्हणून जे पट्टीवर नाही तेही पाहायला शिकले पाहिजे. बोलू न शकणाऱ्या मुलाचे दुखणे ओळखण्यासाठी डॉक्टर आणि परिचारिका पाच गोष्टी पाहतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणे, आणि जवळ घेतल्यावर मूल शांत होते की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन असे दहापैकी गुण देतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत कोणतीही आई पाच मिनिटांत शिकू शकते. जीभ थांबली तरी ते मूल काही सांगत असते आणि ऐकणाऱ्यावर ते ऐकणे वाजिब होते.

शरीअतच्या हिशेबात या मुलीचे स्थान काय? प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की तिघांवरून लेखणी उचललेली आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेला भानावर येईपर्यंत. तिच्या नावावर एकही गुन्हा लिहिला जात नाही. दवाखान्याच्या कागदावर तिचा आकडा घटत जातो, त्याच वेळी तिच्या आमालनाम्यावर एकही डाग नाही. कियामतच्या मीजानसमोर आपण थरथरत उभे राहू, तेव्हा कोण हलका ठरेल आणि कोण भारी, याचा विचार धडधाकट माणसांनी करावा.

जमातीचे माप

डॉक्टरांच्या पट्टीहून क्रूर अशी एक पट्टी आपल्या मोहल्ल्यात असते. कोणाच्या गुनाहाची ही सजा? कोणाची नजर लागली? सुनेच्या पायगुणाने तर नव्हे? हे प्रश्न त्या मुलीच्या अम्मीला विचारले गेले आहेत. ह. अय्यूब (अलै.) पैगंबर होते आणि प्रदीर्घ आजारात होते. आजार हे पापाचे माप असते तर त्यांच्या वाट्याला तो आला नसता. या आजाराचे कारण सदोष जनुक आहे. ते आई आणि वडील या दोघांकडून आल्याशिवाय आजार होत नाही आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. आईवर एकटीवर बोट ठेवणे अज्ञानही आहे आणि बोहतानही. जवळच्या नात्यातील लग्न शरीअतने जायज ठेवले आहे. तरीही खानदानात असा आजार निघाला असेल तर पुढील लग्नाआधी आणि पुढील अपत्याआधी तज्ज्ञांचा सल्ला घेणे, हा उंट बांधण्याचाच भाग आहे.

आणि आपले स्वतःचे माप? सहीह मुस्लिममधील हदीसे-कुदसीनुसार कियामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो, तू भेटीस का आला नाहीस, आणि मग उलगडा होईल की अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मला तिथे पावला असतास. म्हणजे आजारी मुलाच्या घरी एक पट्टी आपल्यासाठीही लावलेली आहे. तिच्यावर आपले किती गुण आहेत? भेटीला जाऊन रडवून परतणाऱ्यांनी त्याऐवजी एक काम हाती घ्यावे. कोणी आठवड्यातून दोन तास मुलीपाशी बसावे, म्हणजे तिच्या अम्मीला झोप मिळेल. कोणी मुंबईच्या फेरीत सोबत जावे. शिकलेल्या तरुणाने आकड्यांची वही लिहून द्यावी. जमातीच्या बैतुलमालमधून प्रवासखर्च निघावा. हे फर्जे-किफाया आहे. कोणीच केले नाही तर गुन्हेगार सगळेच.

मी स्वतः त्या घरी उशिराच गेलो. मापाडीभाईंना मी सांगितले की त्यांचा हेतू अल्लाह जाणतो, पण पुढच्या भेटीत खरे सांगा आणि या वेळी मुलीच्या अम्मीला सोबत न्या, कारण 'नक्को' फक्त त्यांनाच कळते. ते गेले. अम्मीने सारे सांगितले. कागदावर तीनाचे दोन झाले आणि आकडीच्या औषधाची मात्रा बदलली. परत आल्यावर त्यांनी कागद दाखवला नाही. एवढेच म्हणाले, "मौलाना, माप बरोबर झाले. रात्री ती सलग झोपते आता."

जालन्याविषयी जुनी म्हण आहे, जालना सोने का पालना. त्या पाळण्यात एक मूल निपचित पडले आहे. त्याच्या आजाराचे माप डॉक्टरांनी करावे, आईबापांनी ते खरे सांगावे, आणि त्याचे मोल ज्याने त्याला घडविले त्याच्याकडे राहू द्यावे.

हे अल्लाह, आमच्या आजारी लेकरांना शिफा दे. ज्यांची शिफा तू आखिरतसाठी राखून ठेवली आहेस, त्यांची वाट सोपी कर. त्यांच्या आईबापांना खरे पाहण्याचे आणि खरे सांगण्याचे बळ दे, आणि आम्हांला त्यांच्या दारी वेळेवर पोहोचव. आमीन.